काचेच्या दाराबाहेर

प्रमिला, त्या सोमवारी सकाळी मी मीटिंगमध्ये नव्हते.

तुला फोनवर तसं सांगितलं ते खोटं होतं. आपल्या पालघरच्या ऑफिसात खिडकीपाशी बसून मी चहात बिस्कीट बुडवत होते. फोनवर तुझं नाव दिसलं आणि शुक्रवारचं भांडण पुन्हा आठवलं. उचलला तेव्हा तुझ्या मागे बोईसरचा रस्ता ऐकू येत होता. रिक्षांचे हॉर्न, आणि कुणी केळेवाला भाव ओरडत होता. तू म्हणालीस, "सुनीती, ऐक ना, मी इथं उभी हाय आन मला एक गोष्ट..."

"मीटिंगमध्ये आहे गं," मी म्हणाले.

तू रागावली नाहीस, खोदून विचारलं नाहीस. "बरं बरं. मंग सवडीनं," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

पाऊण तासाने तुझ्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. तोवर माझा चहा संपला होता आणि रागही. फार ताणायला नको असं म्हणत मी उचलला. पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. "मॅडम, ये फोन जिनका है, वो आपकी कौन लगती हैं?"

"मैत्रीण," मी म्हणाले. मग वाटलं, त्याला मराठी कळलं नसेल. म्हणून म्हणाले, "बहन. बहन है मेरी."

पंधरा वर्षांत तुझ्या तोंडावर मी हे कधी म्हटलं नव्हतं.

आज बारावा दिवस. डॉक्टर म्हणाले हृदय एकाएकी बंद पडलं, काहीच करता आलं नसतं. मी मान हलवली. सगळ्यांसमोर मी मानच हलवते आहे. पण परवा ऑफिसातून निघताना तुला विचारायचं काहीतरी आठवलं आणि मी सरळ तुला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. घरात असेल, नंतर लावू, असं म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरू लागले. खाली रस्त्यावर आल्यावर मला कळलं की मी काय केलं. तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. एक ओळखीचे गृहस्थ थांबून म्हणाले, चक्कर येते आहे का. मी त्यांच्यासमोरही मान हलवली.

तुझ्याबद्दल लिहा, असं आपल्या संस्थेच्या मॅडमनी सांगितलं. संस्थेच्या अंकात छापायचं आहे. तुझं शिक्षण, तुझी कामं, किती बायकांना दुकानं काढून दिली, असं सगळं. मी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. एक ओळही उमटली नाही. मग ठरवलं की तुलाच लिहावं.

तुला आठवतं, आपलं पहिलं काम? धंदा सुरू करू पाहणाऱ्या बायकांना संस्था मदत करणार होती, पण त्याआधी गावाला खरोखर कशाची गरज आहे ते आपण शोधून काढायचं होतं. मी वाणिज्य शाखेची, केळव्याकडच्या पानवेलीच्या वाडीत वाढलेली, टापटीप. मी सहा पानांचा फॉर्म तयार केला होता. महिन्याचं उत्पन्न, कुटुंबातली माणसं, खरेदीची वारंवारता. पालघर स्टेशनच्या जिन्यापाशी आपण तो घेऊन उभ्या राहिलो आणि एकही बाई थांबेना. ज्या थांबल्या त्या दुसऱ्या पानावर "घरी पाहुणे आहेत" म्हणून निघून गेल्या.

तू दांडीची. बोटीवरच्या माणसांच्या घरातली. तू माझ्या हातून फॉर्मचा गठ्ठा घेतलास, पिशवीत टाकलास आणि म्हणालीस, "तोंडं नको बघू गो. पिशव्या बघ."

विरारकडून येणारी गाडी लागली होती. बायका उतरत होत्या आणि त्यांच्या पिशव्यांतून त्यांनी बाहेरून काय आणलं ते डोकावत होतं. शाळेचे बूट. ब्लाउजचं अस्तर. चष्म्याची डबी. एका बाईच्या हातात कुकरचं नवं रबर होतं, पिशवीतसुद्धा नाही, बांगडीसारखं मनगटात घातलेलं. तू तिच्या बरोबरीने चालायला लागलीस. "बाय, हे रबर पालघरात नाय मिळत?"

"मिळतं की," ती म्हणाली. "पण दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात या. माझी डाळ आज शिजायला नको?"

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. त्या एका वाक्याने आपला अहवाल झाला. गावातला पैसा बाहेर जातो तो स्वस्ताईसाठी जातो, असं जो तो सांगत होता. आपण लिहिलं की लोक बाहेर जातात, कारण इथल्या फळीवर ती वस्तू त्या दिवशी नसते. त्यावरूनच वैतरणेकडच्या एका बाईने अस्तर-फॉलचं मॅचिंग सेंटर काढलं आणि ते आजही चालू आहे. तुझी बातमी कळल्यावर तिचा फोन आला होता. ती म्हणाली, "ताईंनी मला एकच सांगितलं होतं, नाही म्हणू नकोस, संपायच्या आत आण."

मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते आहे, जी त्या अंकात छापता येणार नाही. पहिलं वर्षभर तू डबा जिन्यात बसून खायचीस. तुझ्या डब्यात जवळ्याची चटणी असायची आणि ऑफिसात कुणीतरी नाकाला रुमाल लावला होता. तू काही बोलली नाहीस, डबा उचलून बाहेर गेलीस. मी माझी भेंडीची भाजी आत टेबलावर बसून खात राहिले. दुसऱ्या वर्षी कधीतरी मी माझा डबा घेऊन जिन्यात आले आणि तू सरकून जागा केलीस. दुसऱ्या वर्षी, प्रमिला. पहिलं वर्षभर मी काय करत होते, ते तू मला कधी विचारलं नाहीस. चटणी तेवढी माझ्या पोळीवर वाढलीस.

आता कविताकडे येते. यायलाच हवं. आपण दोघी शेवटी तिच्यावरून भांडलो.

कविता तुझ्या गावची, तुला मावशी म्हणणारी. सुकी मासळी टोपलीत घेऊन आठवड्यातून तीनदा बोईसरला यायची आणि रस्त्याच्या कडेला, गटाराच्या फरशीवर बसायची. तिला कायमची जागा हवी होती. आपण दोघींनी महिनाभर बोईसर पालथं घातलं. कारखान्यांत कामाला आलेली माणसं कुठल्या कुठल्या मुलखांतली, पण सुका बोंबील आणि जवळा म्हटल्यावर कितीतरी जणींचे चेहरे उजळायचे. घ्यायच्या मात्र नाहीत. कारण विचारलं की उत्तर एकच, खोलीमालक ओरडतो, घरभर वास सुटतो.

त्यावर उपाय मी काढला. मासळी साफ करून, चिकटवलेल्या लहान पाकिटांत विकायची, म्हणजे वास नाही. तुला ते पटलं होतं. आपलं बिनसलं ते जागेवरून. नव्या इमारतींच्या बाजूला एक कॉम्प्लेक्स उभं राहिलं होतं आणि त्यात एक छोटा गाळा मोकळा होता. काचेचं दार, पांढरी फरशी, दिव्यांची रांग. मी म्हणाले, इथेच. तू म्हणालीस, रिक्षा थांबतात तिथे, कामावरून सुटलेल्या बायका उतरतात तिथे. मी म्हणाले, पुन्हा गटारावरच बसवायचं का तिला? डोक्यावर छप्पर नको? लघवीला जायची सोय नको? तू गप्प झालीस. अहवाल मी लिहिला, सही दोघींनी केली.

गाळ्याच्या उद्घाटनाला कविता नवी साडी नेसून आली होती. तू नारळ फोडलास. मी फोटो काढले. ते फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. काल उघडले. एकात तू दाराच्या काचेला बोट लावून काहीतरी बघते आहेस, तोंड वळवलेलं.

दुकान चाललं नाही. पहिल्या महिन्यात नाही, तिसऱ्यात नाही. पाचव्या महिन्यात कविता तुझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशे, दिवसभर पांढऱ्या लायटीत बसून मला येड लागायची पाळी आली. टोपली होती तवा बोलायला तरी माणूस होता."

आणि मग तो शुक्रवार. तू माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलीस. "आपण चुकलो असं लिहून देऊ," म्हणालीस. "आपलाच कागद बघून आणखी चार जणी गाळे घेतील. त्याआधी लिहू."

मी म्हणाले, "पाच महिन्यांत काय कळतं? बाजारात जम बसायला वेळ लागतो."

"बाजाराला लागू दे. कविताला कुठं हाय वेळ?"

"मग कारण सांग. काय चुकलं ते सांग. आकडा दे मला."

"आकडा नाय माझ्याकडं. पण बायका दाराशी थांबतात आन पुढं जातात. मी उभी राहून बघितलंय."

तेव्हा मी ते बोलले. आपण दोघीच होतो, म्हणून ते दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. पण मी इथे लिहिणार आहे. मी म्हणाले, "तू नुसती उभी राहतेस, प्रमिला. उभं राहून अहवाल होत नाही."

तुझा चेहरा बदलला नाही. तू खुर्ची होती तिथे नीट सरकवलीस, पिशवी खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "मंग मी सोमवारी बोईसरला जाऊन येते." मला वाटलं, रागाने म्हणालीस. दारापर्यंत जाऊन वळलीस आणि विचारलंस, "पंखा बंद करू का, तुला सर्दी हाय."

प्रमिला, मला कुणी असं बोललं असतं तर मी पंख्याचं विचारलं असतं का गं?

दांडीला आम्ही तुला घेऊन पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्या दिवशी गावात कुणी काम केलं नाही, पण वाळत घातलेलं कोण काढणार? ते तसेच लटकत होते आणि त्यांच्या खालून तुला नेलं. बायका मोठ्याने रडत होत्या. मला रडू आलं नाही. मी तुझ्या चपला बघत होते. उजव्या चपलेचा अंगठा नवा शिवलेला होता, पांढऱ्या दोऱ्याने. चप्पल काळी आणि दोरा पांढरा. हिने काळा दोरा का मागितला नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात येत राहिला. माणूस गेल्यावर डोकं असं वागतं, हे मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी मी बोईसरला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. तू पडलीस ती जागा मला बघायची होती.

कॉम्प्लेक्सच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक चपलांचं दुकान आहे. तुझ्या नंबरवरून आलेला तो फोन तिथल्या मालकांनीच केला होता. वयस्क माणूस, डोळ्यांना जाड चष्मा. मी नाव सांगितल्यावर त्यांनी आधी स्टूल पुसून दिलं. मग दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवलं. "यहीं बैठी थीं. बोलीं, भैया, थोडा पानी. मैं अंदर से लेके आया तो ऐसे दीवार से टेक के बैठी थीं. हमको लगा, आँख लग गई."

"सोमवारी किती वाजता आली होती?"

"सोमवार?" ते म्हणाले. "वो तो शनिवार से आ रही थीं. शनिवार, इतवार, सोमवार. सुबह से शाम. मैंने स्टूल दिया, नहीं लिया. बोलीं, बैठने से दिखता नहीं."

माझ्याशी भांडण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तू आली होतीस.

त्यांनी गल्ल्याखालून तुझं क्लिपचं पॅड काढून दिलं. पोलीस येऊन गेले, घरचे येऊन गेले, पण गडबडीत ते राहून गेलं होतं. पॅडला कागद लावलेले होते, माझ्याच एका जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठी. तुझं मोठं, गोल अक्षर. नाव नाही, वय नाही, उत्पन्न नाही. वर एकच प्रश्न लिहिला होता. "दुकानाशी थांबलीस, मग आत का नाय गेलीस?"

आणि खाली उत्तरं. मी तिथेच वाचायला लागले.

एकीने सांगितलं होतं, चपला चिखलाच्या आहेत आणि आतली फरशी पांढरी. एकीने, आत गेलं की घ्यावंच लागतं, नुसतं बघायला कोण देतं. एक कारखान्यातून सुटून आलेली, तिच्या अंगाला औषधांचा उग्र वास येत होता, म्हणून ती काचेच्या कुठल्याच दुकानात जात नाही. एक म्हणाली, "दार ढकलायचं का ओढायचं कळत नाय. एकदा दुसरीकडं उलटं केलं तर आतली पोरगी हसली." एकीला आतलं काही दिसतच नव्हतं. "काचेत मीच दिसते," ती म्हणाली होती. त्या उत्तराखाली तू रेघ मारली होतीस.

तीन दिवसांची पानं होती ती. काही बायका हिंदी बोलल्या असणार, काही आणखी कुठली भाषा. ते सगळं तू तुझ्या मराठीत आणलं होतंस. मी फॉर्मच्या सहा पानांत जे विचारू शकले नव्हते ते त्या बायकांनी रस्त्यावर उभ्या उभ्या तुला सांगितलं होतं. दार उलटं ओढलं आणि कुणीतरी हसलं, हे एक बाई दुसऱ्या अनोळखी बाईला सांगते, प्रमिला. मला तर माझ्या सख्ख्या बहिणीला सांगायला लाज वाटली असती.

शेवटचं उत्तर अर्धं आहे. ओडिशाची, आठवा महिना, असं लिहिलं आहे. पुढे, "म्हणते सुक्या मासळीचं दुकान आहे ते माहीतच नव्हतं. वास आला असता तर कळलं असतं, आत गेले असते. पण" आणि तिथे थांबलं आहे.

मी ते पान घेऊन किती वेळ बसले ते मला आठवत नाही. त्या मालकांनी मला पाणी आणून दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभेच राहिले.

वास. तुला मला हेच सांगायचं होतं ना? "मला एक गोष्ट..." म्हणालीस ती हीच ना? ज्या वासाचा आपण बंदोबस्त केला, तोच या धंद्याची पाटी होता. घरात न्यायला पाकीट बंद हवं, हे खरं. पण दुकान नाकाला सापडायला हवं. मी वरून काच लावून दिली. रस्त्याने जाणाऱ्या बाईला आत औषधं आहेत की मोबाइल की मासळी, कसं कळणार? तुला ते कळलं होतं आणि तू फोन मलाच केलास. शुक्रवारी तुला जी तसं बोलली, तिलाच. कदाचित तुला दुसरंच काही सांगायचं असेल. छातीत दुखतंय, असंही असेल. ते मला आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि हे असं नेहमीसाठी आहे, हे मला अजून नीट समजत नाही.

पॅड घेऊन मी रस्ता ओलांडला. कविता आत एकटी बसली होती. मला बघून उठली. मी तिला म्हणाले, "कविता, माझं चुकलं. जागा मी निवडली, प्रमिलाने नाही."

ती म्हणाली, "मला माहीत हाय. मावशी म्हणायची, सुनीतीनं तुझ्या भल्याचं बघितलंय, तिला बोलू नको."

मग मी तिला उत्तरं वाचून दाखवली. दाराच्या उत्तरावर ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मला बी पहिल्या दिवशी कळलं नव्हतं, ढकलायचं का ओढायचं. मी मालकाची वाट बघत बाहेर उभी होती."

त्याच दिवशी आम्ही दार उघडं करून त्याला वीट लावली. बाहेर स्टूल ठेवलं, त्यावर सुकटीची उघडी टोपली. तासाभरात कॉम्प्लेक्सचे मालक आले. भले गृहस्थ आहेत, पण नाक मुरडूनच आले. "दार उघडं ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण हा वास इथे चालणार नाही. बाकीचे गाळेवाले तक्रार करतील."

कविता पाच महिन्यांत त्यांच्यापुढे कधी वर बघून बोलली नव्हती. ती म्हणाली, "शेजारी फरसाणवाला दिवसभर तळतो, त्याचा वास चालतो. माझाच का नाय चालत?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी शिकलेली, मी काहीतरी मधलं बोलेन, अशा अपेक्षेने. मी पॅड छातीशी धरून उभी राहिले. शेवटी ते म्हणाले, "बघू महिनाभर."

तीन दिवस झाले त्याला. बायका थांबतात, टोपलीत हात घालतात, काही आत जातात. किती, ते लिहीत नाही. तीन दिवसांवरून काय सांगतेस, असं तू म्हणशील. आठवा महिना असलेली कुणी आली का, असं मी कविताला रोज विचारते. अजून नाही आली. रस्त्यात पोट घेऊन चालणारी कुणीही दिसली की माझी नजर तिच्या मागे जाते.

चूक कबूल करणारं पान मी लिहून मॅडमकडे दिलं. तुझी उत्तरं त्याला जशीच्या तशी जोडली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पण एक सांगते, माझा एक मुद्दा मी सोडलेला नाही. छप्पर हवंच होतं, प्रमिला. पाऊस लागला की रिक्षा थांब्यावर गुडघाभर पाणी साचतं, तिथे कविताने टोपली कुठे ठेवली असती? तू यावर कधी नीट उत्तर दिलं नाहीस, गप्प बसलीस. ते काही उत्तर नव्हे. हे भांडण मला पुढे चालवायचं होतं. निदान दहा वर्षं.

आज सकाळी दांडीला गेले होते, तुझ्या आईकडे. तिचं वय ऐंशीच्या पुढे, पण माझ्यासाठी चहा तिनेच केला. गावातल्या बायका भेटून गेल्या होत्या, घर शांत होतं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाय, एक विचारू? आमची पमी काम काय करायची गो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"पंधरा वर्षं सकाळी डबा घेऊन जायची. कोण विचारला तर मी सांगायची, आफिसात हाय. आता बाया येतात, विचारतात, कसलं आफिस? मला सांगताच येत नाय. मी तिला कदी विचारलाच नाय."

मी म्हणाले, "आम्ही बाजाराचा अभ्यास करायचो, आई. म्हणजे..."

"बाजाराचा कसला अभ्यास?" ती म्हणाली. "पन्नास वर्षं टोपली घेऊन बाजारात बसली मी."

अहवालातले सगळे शब्द आठवून पाहिले, एकही चालणार नव्हता. मग म्हणाले, "लोक दुकानाशी थांबतात आणि आत जात नाहीत. का जात नाहीत, ते ती त्यांना विचारायची."

"मंग लोकं सांगायची?"

"तिला सांगायची."

"आन तुला?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि जमिनीला हात टेकून उठली. "मंग शिकून घे," म्हणाली. "ती काय आता यायची नाय."